मेंदूचा नकाशा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा सुटल्यावर, माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मला भेटायला थांबली. पिशवीतून तिने प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला एक कागद काढला. त्यावर डोके वरून पाहावे तशी सात-आठ वर्तुळे होती. नाकाच्या जागी एकेक टोक आणि आत लाल, पिवळा, निळा असे रंग पसरलेले. "सर, ब्रेन मॅपिंग करून आणलंय," ती म्हणाली. "ह्याच्यावरून त्याची थेरपी ठरवणार आहेत. तुम्हीपण बघून ठेवा, म्हणजे वर्गात त्याला कसं शिकवायचं ते कळेल."

मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न. ऑटिझम हा शब्द आता पुण्यातल्या पेठांतूनही सर्रास ऐकू येतो. कागदासाठी त्या बाईंनी किती पैसे मोजले हे मी विचारले नाही. पण तो ज्या हातांनी धरला होता त्यांवरून ते थोडे नसावेत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. भूगोलाच्या तासाला फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा मी डोळे मिटून काढीन. हा नकाशा मात्र मला वाचता येईना. मी त्यांच्याकडे थोडा वेळ मागितला आणि पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला, तो त्या आईला सांगितला तसाच येथे मांडतो.

'ब्रेन मॅपिंग' हा शब्द पुणेकरांच्या तोंडी रुळला तो दवाखान्यातून नव्हे, कोर्टातून. २००८ सालच्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावली. न्यायालयापुढे इतर पुरावाही होता. पण जगभर गाजला तो एकच. आरोपीच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे बसवलेली टोपी घालण्यात आली होती आणि 'मी अमुक विकत घेतले', 'मी अमक्याला भेटले' अशी वाक्ये तिला ऐकवण्यात आली होती. आरोपीने तोंड उघडायचे नाही. मेंदूतून उठणाऱ्या विजेच्या लहरींवरून यंत्राने ठरवायचे की ही गोष्ट तिने नुसती ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे. ही पद्धत बंगळूरचे मानसशास्त्रज्ञ चं. रा. मुकुंदन यांनी विकसित केली होती. निकालपत्रात तिच्या निष्कर्षाचा आधार घेतलेला पाहून परदेशांतले मेंदूशास्त्रज्ञ चकित झाले. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी या तिन्ही गोष्टी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत.

आता कोणी म्हणेल, गुन्हेगारीच्या खटल्याचा आणि एका निरागस मुलाचा काय संबंध? संबंध आहे. दोन्ही ठिकाणी माणूस बोलत नाही, किंवा बोलला तर त्याच्या बोलण्यावर आपला विश्वास नाही. आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला वाटते की याच्या कवटीला तारा जोडल्या की ती याच्या वतीने बोलेल.

ही आशा त्या यंत्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना एका अपघातातून वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला अकारण धसका बसला आणि वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. एका मनातला विचार दुसऱ्या मनात कसा पोहोचतो, या ध्यासाने त्याला मेंदूच्या अभ्यासाकडे नेले. १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूतील विजेचा पहिला आलेख टिपला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या प्रयोगांत त्याचा स्वतःचा मुलगाही बसत असे. बर्गर शोधायला निघाला होता विचार. हाती आली ती एक लय. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला साधारण दहा या गतीने उठणारी, आणि डोळे उघडताच मावळणारी.

ती लय काही लहान मिळकत नव्हे. अपस्माराचे निदान आणि उपचार या आलेखामुळे बदलून गेले. स्वमग्न मुलांत फेफऱ्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा बरेच अधिक असते. म्हणून एखादे मूल मध्येच शून्यात जात असेल, झटके येत असतील, शिकलेली भाषा अचानक हरवत असेल, तर डॉक्टर हा आलेख काढायला सांगतात, आणि तो जरूर काढावा. परंतु त्या बाईंच्या हातातला रंगीत कागद म्हणजे हा आलेख नव्हे. त्या लहरींचे संगणकाने गणित केले, ठरावीक मुलांच्या सरासरीशी त्याची तुलना केली, आणि सरासरीहून जिथे फरक दिसला तिथे रंग भरला. लाल म्हणजे बिघाड नव्हे. लाल म्हणजे सरासरीपासूनचे अंतर. ती सरासरी कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या, किती मुलांवरून काढली, हे आपणच विचारायचे असते.

तुळशीबागेच्या माडीवर बसून खालचा कल्लोळ ऐकावा, तसे हे आहे. बाजार उघडा आहे की बंद, गर्दी कोणत्या अंगाला आहे, मिरवणूक चालली आहे काय, हे आवाजावरून कळेल; पण कोणत्या बाईने कोणते भांडे किती घासाघीस करून घेतले हे कळणार नाही. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच या संगणकीय आलेखाविषयी एक अहवाल काढला होता. अपस्मारासारख्या काही ठिकाणी अनुभवी डॉक्टरांच्या हाती तो उपयोगी आहे, एवढे मान्य करून त्यांनी कोर्टाच्या कामात तो वापरू नये, असे बजावले होते. पुण्यातला निकाल त्यानंतर अकरा वर्षांनी लागला.

दुसरा इतिहास स्वमग्नतेच्या ओळखीचा. तो यंत्रापासून सुरू होत नाही; एका पत्रापासून सुरू होतो. १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावाहून एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना तेहेतीस पानांचे टंकलिखित पत्र पाठवले. मूल कधी हसते, काय फिरवत बसते, कोणत्या गोष्टीने बिथरते, सारे त्यात बारकाईने लिहिलेले. कॅनरनी १९४३ साली अकरा मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले पहिले मूल हेच, आणि त्या वर्णनाचा मोठा आधार बापाचे पत्र. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलांचे असेच वर्णन केले होते. तेही उपचारशाळेत मुलांना दीर्घकाळ पाहून. म्हणजे या विकाराचा पहिला नकाशा काढला तो मुलांबरोबर राहणाऱ्यांनी, नुसत्या डोळ्यांनी आणि शाईने.

कॅनरच्या निबंधातला एक तपशील वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. ही मुले 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतात, असे त्यांनी नोंदले आहे. आंघोळ हवी असली की तो मुलगा आईला विचारी, तुला आंघोळ हवी का? कारण ते वाक्य त्याने तसेच ऐकलेले असे.

माझ्या शिक्षकपणाच्या पहिल्या वर्षांत असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मी विचारले, "तुझं नाव काय?" तो म्हणाला, "तुझं नाव काय?" वर्ग हसला. मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुला पाणी हवंय." मी त्याला दाराबाहेर उभे केले. इंग्रजीत 'यू' सगळ्यांना सारखाच. आपल्या मराठीत मास्तरला 'तू' म्हणणे हा उद्धटपणा. कॅनरना जे लक्षण दिसले, ते मला वळण नसल्याचे दिसले. त्या मुलाला तहान लागली होती. हे मला वीस वर्षांनी कळले, आणि ते कळायला मेंदूचे चित्र लागले नाही. 'हवंय' म्हणताना तो पाण्याच्या पिंपाकडे बघत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

मुलाकडे न पाहता सिद्धांताकडे पाहिले की काय होते, हे या विकाराच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर दिसते. ज्या आईबापांच्या निरीक्षणावर विद्या उभी राहिली, त्यांच्यावरच पुढे तिने दोष ठेवला. आई थंड असते, तिला मूल नको असते, म्हणून मूल स्वतःत मिटते, असे मत पसरले; १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने त्याला मोठी प्रतिष्ठा दिली. एका पिढीच्या आयांनी ही शिक्षा भोगली. तिला तडा दिला तोही एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच दाखवले होते की मूळ वाढीच्या जैविक घडणीत आहे. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. अकरा एकसारख्या जुळ्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. दहा भिन्न जुळ्यांत एकही जोडी तशी नव्हती. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग यांनी १९८१ साली या विकाराची व्याप्ती रुंदावली. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आईही. आपल्याकडे दिल्लीत १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम'ची सुरुवात करणाऱ्या मेरी बरुआ याही स्वमग्न मुलाच्या आईच.

उपचाराचा इतिहास असाच वळणावळणाचा. वर्तनोपचाराचे नाव झाले ते लॉस एंजेलिसच्या इव्हार लोव्हास यांच्यामुळे. आठवड्याला चाळीस तास, एकेका कृतीचे लहान तुकडे करून शिकवणे, बरोबर केले की बक्षीस. १९८७ साली त्यांनी जाहीर केले की एकोणीस मुलांपैकी नऊ इतर मुलांसारखी शाळेत जाऊ लागली. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, म्हणून त्या आकड्यावर वाद झाला. आणि त्या पद्धतीत मांडीवर चापट मारणेही होते, आधीच्या वर्षांत तर विजेचे झटकेसुद्धा. ते सोडले तरी अनेक पालकांच्या मनात एक प्रश्न उरला. चाळीस तास सर्वांना सारखेच का? कोणाला शब्द आधी हवेत, कोणाला खेळ, कोणाला नुसती शांतता.

या प्रश्नाला मेंदूचे शास्त्र उत्तर देऊ पाहत आहे, आणि तो प्रयत्न खोटा नाही. १९९० साली सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून काम करणाऱ्या मेंदूचे चित्र घेण्याचा मार्ग दाखवला. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी वीस लहान स्वमग्न मुलांचे असे चित्र आधी घेतले आणि मग त्यांना सोळा आठवडे खेळातून शिकवण्याचा वर्तनोपचार दिला. कोणाला त्याचा अधिक लाभ होईल याचा काही अंदाज आधीच्या चित्रावरून बांधता आला. २०१७ साली सहा महिन्यांच्या एकोणसाठ बाळांची चित्रे झोपेत घेतली गेली. पुढे ज्या अकरा बाळांत स्वमग्नता आढळली, त्यांपैकी नऊ त्या चित्रांवरून ओळखता आली असती. चेहरा पाहिल्यावर सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शाने उठणारी एक लहर अनेक स्वमग्न मुलांत उशिरा येते. तिचा उपयोग संशोधनात मुलांचे गट पाडण्यासाठी करता येईल काय, हे तपासण्याचा प्रस्ताव २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुढील विचारासाठी स्वीकारला.

हे सारे मी त्या आईला सांगितले, आणि त्याची मर्यादाही. वीस मुले म्हणजे आमच्या वर्गाचा अर्धा पट. गटाविषयी जे खरे ठरते, ते एका मुलाला तसेच्या तसे लागू होतेच असे नाही. शिवाय त्या यंत्रात मुलाला हलता येत नाही, आणि आवाज असा की कुमठेकर रस्त्यावरचे ढोल-ताशे परवडले. जे मूल गणपतीत कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरते, त्याचे चित्र घ्यायचे कसे? म्हणून अशा अभ्यासांत ज्यांना स्थिर राहणे जमते तीच मुले अधिक येतात. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, ती बाहेर राहतात. आज आपल्या देशात स्वमग्नतेचा दाखला मिळतो तो यंत्रावरून नव्हे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाळीस मुद्द्यांच्या प्रश्नावलीवरून, म्हणजे पालकांना विचारून आणि मुलाला पाहून, तो दिला जातो.

मग मुलागणिक उपचार ठरवायचा कसा? त्याचे एक उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडीची एक संस्था यांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा जात. आई आणि मूल खेळत असताना ते चित्रफीत घेत आणि मग आईबरोबर ती बघत: येथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुम्ही मात्र त्याच क्षणी दुसरे खेळणे पुढे केले, येथे तुम्ही थांबलात, आणि तो स्वतःहून बोलला. डॉक्टर नाहीत, टोपी नाही, तारा नाहीत. त्या कुटुंबांत आईबापांचा मुलाच्या सुराशी मेळ वाढला आणि मुले अधिक वेळा आपणहून संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याच्या वेळात, उलट घट दिसली. तीही त्यांनी लपवली नाही. प्रत्येक घराची फीत वेगळी, म्हणून प्रत्येक घराचा धडा वेगळा.

हे सांगून झाल्यावर मी तो रंगीत कागद पुन्हा पाहिला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की चाचणीच्या वेळी मुलाने सहकार्य केले नाही. पापणी लवली, जबडा आवळला, कपाळाला आठी पडली, तरी आलेखात लहर उठते. आणि ती मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी असते. कपाळाशी आणि कानशिलांशी जो गडद लाल रंग होता, तो मेंदूचा होता की रडण्याचा, हे सांगणे त्या कागदावरून मला तरी शक्य नव्हते. तो ज्यांनी काढला त्यांनाच विचारा, असे मी म्हणालो.

"रडणारच," त्या म्हणाल्या. "डोक्याला ते गार गार जेल लावतात ना. तो डोक्याला तेलसुद्धा लावू देत नाही. दर दिवाळीला अभ्यंगस्नानाच्या दिवशी आमच्याकडे रडारड. सासूबाई म्हणतात, पहाटे उठायचा कंटाळा. कंटाळा नाही सर, त्याला डोक्यावर ओलं काही सहनच होत नाही."

हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इच्छेविरुद्ध कोणाच्या डोक्यावर ती टोपी चढवू नये. ते आरोपीविषयी होते, आणि आजारी मुलाची तपासणी ही वेगळी बाब, हे मला कळते. फेफऱ्याची शंका असेल तर मूल रडले तरी आलेख काढावाच लागेल. पण ज्या मुलाला 'नको' हा शब्द येत नाही, त्याने तो डोके हलवून सांगितला होता, आणि त्याची नोंद 'असहकार' अशी झाली.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी एक वही केली. चाळीस पानी, साधी. एक आठवडा ती घरी, एक आठवडा माझ्याकडे. काय घडले, त्याआधी काय घडले, आणि त्यानंतर आपण काय केले, एवढेच लिहायचे. वहीतली सर्वांत उपयोगी नोंद मात्र आमच्या दोघांचीही नाही. ती शाळेच्या शिपायाची. मधल्या सुट्टीच्या दोन मिनिटे आधीच हा मुलगा कान झाकून बसतो, हे मी आळशीपणा समजत होतो. शिपाई म्हणाला, "सर, तो घड्याळ बघतो. टोल वाजायची भीती वाटते त्याला." आता टोल देण्याआधी तो वर्गाच्या दारातून मुलाला हात करतो. मुलगा कान झाकतो, टोल होतो, मुलगा हात खाली घेतो आणि डबा उघडतो. पूर्वी तो टोलानंतर डबा उघडतच नसे. यात चमत्कार काही नाही. गणितात तो अजूनही अडतो, आणि काही दिवस आमचे तिघांचेही अंदाज सपशेल चुकतात.

रंगीत कागद त्यांनी फाइलमध्ये ठेवला आहे, आणि ठेवावा. उद्या शास्त्र पुढे जाईल, तेव्हा कदाचित तो अधिक वाचता येईल. वहीची चार-पाच पाने झेरॉक्स करून त्यांनी आता त्या फाइलमध्येच लावली आहेत, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना दोन्ही एकदम दिसतील.

परवा त्या दारात भेटल्या. यंदा नरकचतुर्दशीला तेलाची वाटी त्याच्याच हातात द्यायची, असे घरात ठरले आहे. डोक्याला लावले नाही तरी चालेल. सासूबाईही हो म्हणाल्या आहेत.